गलगंड ते अणुभट्टी : थायरॉईडच्या उपचारांचा हजार वर्षांचा प्रवास

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईच्या परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. त्यानंतर जेमतेम महिन्याभरात, ३१ मार्च १९४१ला, अमेरिकेतल्या बोस्टन शहरात डॉ. सॉल हर्ट्झ यांनी एका महिला रुग्णाला किरणोत्सर्गी आयोडीन पाजलं. तिला कर्करोग नव्हता. तिची थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती. उपचार म्हणून किरणोत्सर्गी आयोडीन देण्याची ती पहिली वेळ मानली जाते. या दोन घटनांचा त्या दिवशी एकमेकींशी काहीच संबंध नव्हता. तो जुळायला पुढची वीस-बावीस वर्षं जावी लागली. आज कोल्हापूर, इचलकरंजी किंवा गडहिंग्लजमधला थायरॉईड कर्करोगाचा रुग्ण मुंबईची गाडी धरतो, त्यामागे या दोन तारखांचा इतिहास आहे.

गेल्या काही वर्षांत या उपचारात नवी भर पडू पाहते आहे. किरणोत्सर्गी आयोडीन आणि इम्युनोथेरपी म्हणजे प्रतिकारशक्तीवर आधारलेली औषधं एकत्र देऊन पसरलेला थायरॉईड कर्करोग आटोक्यात आणता येईल का, हे डॉक्टर तपासून पाहत आहेत. मोबाइलवर अशी बातमी फिरते तेव्हा तिचा ‘रामबाण इलाज’ होतो. मग कुणी घर विकायला निघतं, तर कुणी चालू उपचार सोडून देतं. म्हणून ही गोष्ट मुळापासून समजून घेणं गरजेचं आहे.

हकिमांचा काळ

गळ्याला येणारी सूज माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. सुश्रुतसंहितेत तिला ‘गलगंड’ म्हटलंय आणि मराठीत तोच शब्द आजही चालतो. चीनमध्ये त्यावर समुद्री शेवाळ देत, युरोपात जाळलेल्या स्पंजची राख देत. या दोन्हींत आयोडीन असतं. मात्र हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गुण येतो एवढाच अनुभव होता.

दहाव्या शतकात स्पेनमधल्या कुर्तुबा म्हणजे कॉर्डोबाजवळ अबुल कासिम अल्-जहरावी नावाचे शल्यविशारद होऊन गेले. ‘अत्-तसरीफ’ हा त्यांचा ग्रंथ ३० भागांचा असून शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे. त्यात गलगंडाला त्यांनी ‘गळ्याचा हत्ती’ म्हटलंय. कोणत्या गाठीला सुरी लावावी आणि कोणत्या गाठीपासून लांब राहावं, याचा इशाराही दिलाय. रक्तवाहिनी फुगून झालेली गाठ कापू नका, असं ते बजावतात. बाराव्या शतकात या भागाचं लॅटिन भाषांतर झालं आणि पुढची अनेक शतकं युरोपातले शल्यचिकित्सक त्यावर शिकले.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी इराणात सय्यद इस्माईल जुर्जानी यांनी ‘जखीरा-ए-ख्वारज्मशाही’ हा वैद्यकाचा मोठा ग्रंथ फारसीत लिहिला. हिंदुस्थानातल्या युनानी हकिमांतही तो वाचला जाई. गळ्याची सूज आणि डोळे बाहेर आल्यासारखे दिसणं, या दोन लक्षणांचा संबंध जुर्जानींनी नोंदवून ठेवला. युरोपात हीच गोष्ट रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली आणि कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० साली मांडली. आजही हा आजार ग्रेव्हज यांच्याच नावाने ओळखला जातो.

ही नावं सांगण्यामागे ‘सगळं आमच्याकडे आधीच होतं’ असा दावा करायचा नाही. जहरावींना थायरॉईड ही ग्रंथी काय काम करते, हे माहीत असणं शक्य नव्हतं. मात्र त्यांनी पाहिलं, लिहिलं आणि पुढच्याला दिलं. वैद्यकाचा इतिहास या देण्याघेण्यावर उभा आहे. पुढच्या गोष्टीतही ज्यू, ख्रिस्ती, पारशी, हिंदू, मुसलमान अशी सगळी माणसं भेटतात.

जांभळी वाफ

१८११ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कुर्तुआ समुद्री शेवाळाच्या राखेपासून बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा बनवत होते. एके दिवशी राखेत आम्ल जास्त पडलं आणि जांभळी वाफ उठली. ते होतं आयोडीन. १८२० साली जिनिव्हाचे डॉक्टर कुआंदे यांनी गलगंडावर आयोडीन द्यायला सुरुवात केली. १८९५-९६च्या सुमारास जर्मनीत बाउमन यांना थायरॉईड ग्रंथीतच आयोडीन सापडलं. समुद्री शेवाळ आणि स्पंजच्या राखेने गुण का येत होता, याचं उत्तर तेव्हा मिळालं.

थायरॉईड ही गळ्यात पुढच्या बाजूला असलेली फुलपाखरासारखी ग्रंथी. ती रक्तातलं आयोडीन खेचून घेते आणि त्यापासून संप्रेरक बनवते. डोंगराळ भागात पाऊस मातीतलं आयोडीन धुऊन नेतो. अन्नातून ते कमी मिळालं की ग्रंथी फुगते. भारतात हिमालयाच्या पायथ्याशी हा प्रश्न फार मोठा होता. कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६पासून मिठात आयोडीन मिसळून पाहिलं आणि गलगंड कमी होतो हे दाखवून दिलं. १९६२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. आज आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलं असतं, ते याच कामाचं फळ आहे.

आयोडीनसाठी हपापलेली ही ग्रंथी ध्यानात ठेवा. पुढची सगळी गोष्ट तिच्या या एका सवयीवर चालते.

जेवणाच्या वेळचा एक प्रश्न

१२ नोव्हेंबर १९३६ रोजी बोस्टनमध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांचं भाषण झालं. भौतिकशास्त्र वैद्यकासाठी काय करू शकतं, हा विषय होता. श्रोत्यांत डॉ. सॉल हर्ट्झ होते. पोलंडहून अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबातला हा तरुण डॉक्टर मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा थायरॉईड विभाग सांभाळत होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सर्गी करता येईल का?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात सगळं होतं. ग्रंथी आयोडीन खेचतेच. त्या आयोडीनमध्येच किरणं भरली, तर औषध आपल्या पायांनी चालत नेमक्या जागी जाईल. शरीराच्या बाकी भागाला फारशी झळ लागणार नाही.

त्यानंतर हर्ट्झ आणि भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रॉबर्ट्‌स यांनी सशांवर प्रयोग केले. १९३८ साली कॅलिफोर्नियात ग्लेन सीबॉर्ग आणि जॉन लिव्हिंगूड यांनी आयोडीन-१३१ शोधलं. त्याचं अर्धआयुष्य आठ दिवसांचं. म्हणजे आज शंभर भाग असेल, तर आठ दिवसांनी पन्नास आणि सोळा दिवसांनी पंचवीस. त्यातून निघणारे बीटा किरण पेशींत जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात, त्यामुळे मारा जवळच्या जवळ होतो. सोबत गॅमा किरणही निघतात. ते शरीराबाहेर येत असल्याने यंत्राने टिपता येतात आणि आयोडीन कुठे जाऊन बसलंय, ते पडद्यावर दिसतं. रोग शोधणारं आणि रोगावर मारा करणारं औषध एकच.

महायुद्धात हर्ट्झ नौदलात गेले. मागे राहिलेलं काम दुसऱ्यांच्या हाती गेलं. ११ मे १९४६च्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हर्ट्झ-रॉबर्ट्‌स यांचा लेख आणि त्यांच्या मागे काम सांभाळणाऱ्या चॅपमन-इव्हान्स यांचा लेख, असे दोन्ही एकाच अंकात छापून आले. श्रेय कुणाचं, हा वाद पुढे बरीच वर्षं चालला.

कर्करोगावर पहिला वार

न्यूयॉर्कच्या माँटेफिओर हॉस्पिटलात डॉ. सॅम्युअल सीडलिन यांच्याकडे एक विचित्र रुग्ण आला होता. १९२३ सालीच त्याची थायरॉईड काढून टाकलेली होती. तरी त्याच्या शरीरात थायरॉईडचं संप्रेरक जास्त प्रमाणात बनत होतं. ग्रंथीच नाही, तर बनवतंय कोण? उत्तर भयंकर होतं. थायरॉईडचा कर्करोग शरीरभर पसरला होता आणि ठिकठिकाणी बसलेल्या त्या गाठी थायरॉईडसारखं काम करत होत्या. म्हणजेच त्या आयोडीनही खात होत्या.

१९४३मध्ये सीडलिन यांनी त्याला किरणोत्सर्गी आयोडीन द्यायला सुरुवात केली. गाठींनी ते ओढून घेतलं आणि रुग्णाच्या त्रासाला उतार पडला. डिसेंबर १९४६मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेने अणुबॉम्बसाठी बांधलेल्या ओक रिज इथल्या अणुभट्टीतून रुग्णालयांना किरणोत्सर्गी पदार्थ द्यायला सुरुवात केली. हिरोशिमा-नागासाकीला वर्षही झालं नव्हतं.

या आयोडीनचा दुसरा चेहराही विसरता येत नाही. १९८६ साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला, तेव्हा तेच आयोडीन-१३१ हवेत, गवतात आणि गाईच्या दुधात उतरलं. दूध प्यायलेल्या मुलांच्या ग्रंथींनी ते आपल्या सवयीने खेचून घेतलं. पुढच्या काळात बेलारूस, युक्रेन आणि रशियात त्या मुलांमध्ये थायरॉईड कर्करोगाच्या सहा हजारांहून अधिक केसेस नोंदल्या गेल्या. एकच अणू मोजूनमापून दिला तर औषध आणि मोकाट सुटला तर विष. उपचाराच्या वेळी डॉक्टर इतके कडक नियम का पाळायला लावतात, ते यातून कळतं.

तुर्भेची भट्टी, परळचं हॉस्पिटल

आता मुंबईकडे येऊ. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या ट्रस्टने परळला कर्करोगाचं हॉस्पिटल उभं केलं. याच ट्रस्टच्या मदतीने डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली. ४ ऑगस्ट १९५६ला तुर्भे इथे ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. जुलै १९६०मध्ये ‘सायरस’ आली, ऑगस्ट १९८५मध्ये ‘ध्रुव’. टेल्युरियम नावाचं मूलद्रव्य अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ठेवलं की त्यातून आयोडीन-१३१ मिळतं. अशा रीतीने भारत हे औषध स्वतः बनवू लागला.

१९६२ साली टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाकडे आलं. १९६३ साली परळमध्ये ‘रेडिएशन मेडिसिन सेंटर’ सुरू झालं. हे भाभा अणुसंशोधन केंद्राचं वैद्यकीय अंग. डॉ. आर. डी. गणात्रा यांनी अनेक वर्षं त्याची धुरा वाहिली. पुढे ते व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत गेले आणि गरीब देशांत अणुवैद्यक कसं चालवावं, यावर त्यांनी काम केलं. तुर्भेला तयार होणारं आयोडीन काही किलोमीटरवरच्या परळला पोचायचं आणि देशभरातले रुग्णही तिथेच पोचायचे.

दक्षिण महाराष्ट्राला आधुनिक शस्त्रक्रिया नवी नव्हती. मिरजेला १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं होतं. कोल्हापूर संस्थानाचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं, तेच आजचं सीपीआर. गाठ कापायला माणूस जवळ होता. मात्र आठ दिवसांत निम्मं होणारं औषध, त्यासाठी शिशाच्या भिंतींच्या खोल्या, रुग्णाचं लघवीचं पाणी किरणं उतरेपर्यंत साठवून ठेवणाऱ्या टाक्या आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, एवढं सगळं लागत असल्याने ही सोय मोठ्या शहरांत एकवटली. कोल्हापूरच्या रुग्णांसाठी मुंबईचा सुमारे चारशे किलोमीटरचा रस्ता आणि रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस हाही उपचाराचाच भाग होऊन गेला.

कोंडून ठेवणं नव्हे

थायरॉईडचा कर्करोग बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण तिप्पट आढळतो. त्यातल्या बहुतेक रुग्णांचा कर्करोग पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर जातीचा असतो आणि वेळेत उपचार झाले, तर त्यांतले बहुसंख्य रुग्ण बरे होऊन दीर्घ आयुष्य जगतात. आधी शस्त्रक्रियेने ग्रंथी काढतात. गरज असेल, तर उरल्यासुरल्या पेशींसाठी किरणोत्सर्गी आयोडीन देतात. त्याआधी एक-दोन आठवडे शरीराला आयोडीनसाठी ‘उपाशी’ ठेवावं लागतं. आयोडीनयुक्त मीठ, सुकट-बोंबील, दूध-दही, अंड्याचा बलक हे सगळं बंद. मीठही डॉक्टर सांगतील तेच. दुधाच्या या जिल्ह्यात आठवडाभर दुधाशिवाय राहणं अवघड जातं, पण चोरून पेलाभर प्यायलं की चारशे किलोमीटरची खेप वाया जाण्याची भीती असते.

ठराविक मात्रेपेक्षा जास्त औषध दिलं की रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत राहावं लागतं. आपल्या समाजात आजाऱ्याला भेटायला जाणं, त्याची इयादत करणं ही सवाबाची गोष्ट मानतात. म्हणून नातेवाइकांना वाटतं, बाईला कोंडून ठेवलंय. शेजारपाजारी कुजबुज सुरू होते. आजार लागट आहे का, तिच्या हातचं खावं का, पोरीचं लग्न कसं व्हायचं? कित्येक घरांत गळ्याची गाठ ओढणीखाली झाकली जाते, ती याच भीतीने.

कर्करोग लागट नसतो. रुग्णाच्या अंगातून काही दिवस किरणं बाहेर पडतात, म्हणून तेवढे दिवस लहान मुलं आणि गरोदर बाया यांनी लांब राहायचं. आठ दिवसांच्या अर्धआयुष्याचा हिशेब आपण वर पाहिलाच. शरीर लघवीवाटेही आयोडीन टाकत असल्याने प्रत्यक्षात ते आणखी लवकर उतरतं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला हे औषध देत नाहीत आणि घेतल्यावर सहा महिने ते वर्षभर गर्भधारणा टाळायला सांगतात. त्यानंतर ती आई होऊ शकते. या दिवसांत इयादत फोनवरून करावी. दूर राहणं हीच तिची मदत आहे.

आयोडीन नाकारणारी गाठ

खरी अडचण पुढे येते. काही रुग्णांमध्ये कर्करोग फुप्फुसांत, हाडांत पसरतो आणि त्या पेशी हळूहळू आपलं थायरॉईडपण विसरतात. पेशीच्या भिंतीवर आयोडीन आत घेणारा एक दरवाजा असतो. त्याचं जनुक १९९६ साली नॅन्सी कारास्को यांच्या प्रयोगशाळेने शोधून काढलं. कर्करोग बिघडत जातो तसा हा दरवाजा बंद होतो. अनेकदा बीआरएएफ नावाच्या जनुकातला बदल त्याला कारण असतो. दरवाजा बंद झाला की आयोडीन किती का पाजा, गाठ ते घेत नाही. हर्ट्झ यांनी हेरलेली सवयच मोडली, तर औषध पत्त्यावर पोचणार कसं?

२०१३ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधल्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सेल्युमेटिनिब नावाची गोळी काही आठवडे देऊन हा दरवाजा पुन्हा उघडतो का, ते पाहिलं. २० रुग्णांपैकी १२ जणांच्या गाठी पुन्हा आयोडीन जास्त घेऊ लागल्या आणि त्यातल्या ८ जणांना उपचाराची मात्रा देता आली. संख्या लहान आहे, पण हरवलेली सवय परत आणता येते, हे यातून दिसलं.

या न्यूयॉर्कच्या रुग्णालयाशी आपलंही एक नातं आहे. फातिमा रशीद म्हणजेच अभिनेत्री नर्गिस यांच्या कर्करोगावर तिथेच उपचार झाले होते. ३ मे १९८१ला त्या गेल्या. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला त्यांच्या नावाचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कर्करोगाची शिस्तीत नोंद ठेवण्याचं काम बार्शीतून १९८७पासून सुरू झालं.

शरीराची स्वतःची फौज

इम्युनोथेरपीची सुरुवातही याच रुग्णालयाच्या जुन्या रूपात झाली. १८९१ साली तिथले शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी रुग्णांच्या गाठीत मुद्दाम जंतू टोचायला सुरुवात केली. ताप भरला की शरीराची फौज जागी होते आणि कधीकधी गाठीवरही तुटून पडते, असं त्यांचं निरीक्षण होतं. उपचार धोक्याचा होता आणि बेभरवशाचाही. नंतर तो मागे पडला.

शंभर वर्षांनी कारण उमगलं. आपल्या पांढऱ्या पेशींना ब्रेक असतात, नाहीतर त्या स्वतःच्याच शरीरावर उठतील. कर्करोग हेच ब्रेक दाबून धरतो आणि सुटतो. जपानमध्ये तासुकू होंजो यांच्या गटाने १९९२ साली पीडी-१ नावाचा ब्रेक शोधला. अमेरिकेत जेम्स अॅलिसन यांनी १९९६ साली दुसरा एक ब्रेक सोडवून उंदरांमधल्या गाठी विरघळवून दाखवल्या. २०११पासून अशी औषधं बाजारात आली आणि २०१८ साली दोघांना नोबेल मिळालं.

मात्र थायरॉईड कर्करोगावर ही औषधं एकटी फारशी चालली नाहीत. पेम्ब्रोलिझुमॅब दिलेल्या २२ रुग्णांपैकी फक्त दोघांच्या गाठी ठळकपणे लहान झाल्या, असा अहवाल २०१९ साली आला. या कर्करोगाच्या पेशींत जनुकीय बदल कमी असल्याने फौजेला शत्रू ओळखूच येत नाही, असं त्याचं एक कारण सांगतात.

इथे दोन वाटा एकत्र येतात. किरणांनी मेलेली पेशी फुटते तेव्हा तिच्या आतली प्रथिनं बाहेर पडतात. फौजेला शत्रूचा चेहरा दिसतो. एका जागी किरणं दिली आणि दूरची गाठही आटली, असं क्वचित दिसतं. १९५३ साली आर. एच. मोल यांनी त्याला ‘अॅबस्कोपल’ परिणाम असं नाव दिलं. मग किरणोत्सर्गी आयोडीनने गाठी फोडाव्यात आणि त्याच वेळी फौजेचे ब्रेक सोडावेत, तर? या विचाराने मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये दुर्वालुमॅब हे औषध आणि आयोडीन-१३१ एकत्र देण्याचा पहिल्या टप्प्याचा प्रयोग हाती घेतला गेला. पहिला टप्पा म्हणजे मुख्यतः औषध सुरक्षित आहे का, हे थोड्या रुग्णांवर पाहणं.

अडचणी उघड आहेत. दरवाजा पूर्ण बंद असेल, तर आयोडीन आत जाणार नाही आणि गाठी फुटणारच नाहीत. किरणांनी फौजेतल्या पेशीही मरतात. ब्रेक सोडल्यावर फौज फुप्फुसावर, आतड्यावर, यकृतावर उठू शकते. या औषधांमुळे ज्या अवयवांना हमखास इजा होते, त्यांत खुद्द थायरॉईडही आहे. या रुग्णांची थायरॉईड आधीच काढलेली असल्याने निदान तेवढा धोका उरत नाही. आज हा जोडउपचार प्रयोगाच्या पातळीवर आहे. रूढ उपचारांच्या यादीत तो नाही. म्हणून कुणी तो ‘खात्रीचा’ म्हणून विकत असेल, तर सावध व्हावं. प्रयोगात भाग घेणाऱ्या रुग्णाची लेखी संमती घेतली जाते आणि त्यामागे नैतिकता समिती असते, हे आधी विचारून घ्यावं.

पैशाचा प्रश्न आणि कोल्हापूर

इम्युनोथेरपीचा खर्च लाखांत जातो. यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या किंवा ऊसतोडणी मजुराच्या घरात तो पेलणं अशक्य. म्हणून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२२-२३ साली दाखवलेली गोष्ट मोलाची आहे. डोकं आणि गळ्याच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरच्या प्रयोगात त्यांनी निव्होलुमॅब नेहमीच्या मात्रेच्या एक दशांशाहूनही कमी, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांसोबत दिलं. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत वर्षभराने १६.३ टक्के रुग्ण हयात होते, तर हे औषध जोडल्यावर ४३.४ टक्के. हा थायरॉईडचा कर्करोग नव्हे आणि हे आकडे जसेच्या तसे तिकडे लावता येणार नाहीत. मात्र महागड्या परदेशी औषधाची आपल्या खिशाला झेपणारी मात्रा शोधता येते, एवढं त्यातून नक्की कळतं. ऑक्टोबर २०२३मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहभागातून तयार झालेल्या ‘नेक्सकार-१९’ या रक्ताच्या कर्करोगावरच्या पेशी-उपचाराला परवानगी मिळाली, तीही याच दिशेची.

पण औषध स्वस्त झालं तरी गाडीभाडं, मुंबईत राहणं, बुडालेली मजुरी कुठे जाते? दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण वर्षानुवर्षं उतरतात. तिथे कुणाची जात-धर्म पाहून जागा मिळत नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग उभं केलं, ते लांबून शिकायला आलेल्या पोरांना राहायला छप्पर हवं म्हणून. छपराशिवाय संधी पोकळ असते, हे महाराजांनी ओळखलं होतं. आजाऱ्याचंही तेच आहे.

मे २०२०मध्ये कोरोनाच्या काळात इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने जकात आणि देणगीतून ३६ लाख रुपये जमवून इंदिरा गांधी सामान्य रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभा केला. तो सगळ्यांसाठी खुला होता. ईदच्या दिवशी त्याचं लोकार्पण झालं. एका यंत्रमागाच्या गावाला हे जमलं, तर जिल्ह्यातल्या मशिदी, जमाती, तालीम मंडळं आणि ट्रस्ट मिळून मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णांचं भाडं आणि राहण्याची सोय का करू शकणार नाहीत?

तोवर हातात असलेल्या गोष्टी तरी कराव्यात. गळ्यात गाठ लागली, आवाज बसला, गिळताना अडू लागलं, तर ओढणीने झाकू नये. काढा, हिजामा, गंडा-ताईत यांत महिने घालवू नयेत. सीपीआर किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावं आणि योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. असली तरी लवकर सापडलेल्या गाठीला आयोडीन आणि इम्युनोथेरपीच्या जोडीची गरज सहसा पडतच नाही.

एक हजार वर्षांपूर्वी जहरावींनी आपल्या शागिर्दांना लिहून ठेवलं की, कुठे सुरी लावायची आणि कुठे नाही. आजचा प्रश्न फार वेगळा नाही. कोणतं औषध कुणाला, किती आणि कधी द्यायचं, हे ठरवणारी माणसं परळमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये रोज तेच काम करताहेत. त्यांच्या दारापर्यंत कोल्हापूरचा रुग्ण वेळेत पोचवणं, हे मात्र आपलं काम आहे.